जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात अभ्यासिका: जागा, वीज, पुस्तकं आणि माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाढत्या शहराच्या जुन्या भागात नव्वदएक वर्षांचं शासनमान्य 'अ' वर्ग सार्वजनिक ग्रंथालय. ४२,००० पुस्तकं. तळमजल्यावर देवघेव आणि वृत्तपत्रं, वरच्या मजल्यावर १,८०० चौरस फुटांचा हॉल, जो वर्षातून दहा-बारा व्याख्यानांपुरता उघडतो. वर्गणीदार दहा वर्षांत १,४०० वरून ६०० वर आले. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली मात्र रोज दारात येऊन 'बसायला जागा आहे का' विचारतात. कार्यकारिणीत एक गट म्हणतो, तळमजला बँकेला किंवा दुकानाला भाड्यानं द्या, पुस्तकं वर न्या आणि उरलेल्या हॉलची अभ्यासिका करा. दुसरा म्हणतो, अभ्यासिका आली की ग्रंथालय संपलं. काय करावं?

अभ्यासिका करा. तळमजला कुणालाही देऊ नका. आणि अभ्यासिकेत बसणारा प्रत्येक जण ग्रंथालयाचा सभासद असेल, त्याच्या नावावर पुस्तक जात असेल, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवा. या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एक सुटली की दुसऱ्या गटाची भीती खरी ठरते.

आपल्याकडची जुनी ग्रंथालयं निघाली (रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कल्याण १८६४, ठाणे १८९३) तेव्हा पुस्तक महाग होतं आणि हाताला लागत नव्हतं. एक प्रत अनेक घरांत फिरवणं हेच मुख्य काम होतं. आज शहरात पुस्तक घरपोच मिळतं. मिळत नाही ती जागा. दोन खोल्यांत पाच माणसं, टीव्ही चालू, धाकट्याचा गृहपाठ त्याच टेबलावर, अशा घरातल्या मुलीला रात्री आठनंतर शांत कोपरा सापडत नाही. तिला तो देणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचंच काम आहे. पण नुसत्या खुर्च्या मांडून ते होत नाही. अनेक शहरांत बांधलेल्या अभ्यासिका बघा: भिंतीला लागून कप्पे, वर पंखे, एक सेवक, कुलूप-किल्ली. शब्दकोश नाही, ग्रंथपाल नाही. मूल तिथून पास होऊन जातं आणि ग्रंथालय म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. तुमच्याकडे ४२,००० पुस्तकं आणि प्रशिक्षित ग्रंथपाल आहे. ते बाजूला सारून त्यांच्यासारखं होण्यात काय मिळवलं?

आधी पुस्तकं वर नेण्याचा विचार का सोडायचा ते सांगतो, कारण त्यात धोका आहे. मध्यम आकाराच्या मराठी पुस्तकांचा एक मीटर सलग थर साधारण २५ किलो भरतो. तीन फुटी रॅकच्या सहा फळ्या म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे एका बाजूला १३५ किलो. दोन्ही बाजूंनी भरलेला रॅक पावणेतीनशे किलो, आणि तो उभा असतो अर्ध्या चौरस मीटरवर. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबानं बांधतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी भारतीय मानक ६०० किलो धरायला सांगतं. मध्ये बोळ सोडला तरी भाराचं गणित सुटत नाही. खुर्च्या-टेबलांच्या सभागृहासाठी बांधलेला जुना हॉल हे वजन पेलेल असं गृहीत धरू नका. माणसं वर, पुस्तकं खाली, हाच क्रम ठेवा. आणि तुमच्या वयाच्या इमारतीत ६० माणसं रोज बसवण्यापूर्वीही एकदा संरचनात्मक तपासणी करून तो अहवाल दप्तरी लावा.

हेच गणित पुनर्विकासातही लागतं. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या ग्रंथालयाला विकासक नव्या इमारतीत 'तेवढीच जागा' देतो, पण ती तिसऱ्या मजल्यावर आणि निवासी भाराच्या स्लॅबवर. करारनाम्यात तीन गोष्टी लिहून घ्या: तळमजला किंवा ग्रंथसाठ्याच्या भाराचा स्लॅब, रस्त्यावरून स्वतंत्र दार, आणि ग्रंथालयाच्या नावाचं स्वतंत्र वीजमीटर. सोसायटीच्या फाटकातून जावं लागलं की रखवालदार अनोळखी मुलाला अडवतो. सार्वजनिक ग्रंथालयाचं सार्वजनिकपण बऱ्याचदा त्या फाटकाशीच संपतं.

आता हॉल. एका वाचकाला बोळ, दार, ये-जा धरून २५ चौरस फूट लागतात. १,८०० भागिले २५ म्हणजे ७२, पण जिना, बॅगांचे कप्पे, पाण्याची जागा वजा करून ६० खुर्च्या धरा. खासगी अभ्यासिका याच जागेत १२० बसवतात. तसं करू नका. गर्दीत हवा कोंदते आणि दुपारी तीननंतर निम्मी मुलं टेबलावर डोकं ठेवून झोपलेली दिसतात. टेबलाची जागा माणशी तीन फूट रुंद, दोन फूट खोल. तीन बाजूंनी बंद कप्पे सगळ्यांना लागत नाहीत: ४० कप्पे आणि २० जागा लांब उघड्या टेबलांवर ठेवा, नकाशा किंवा कोश पसरायला तीच उपयोगी पडतात. टेबलावर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. फोनमधल्या ॲपनं अंदाज येतो. ट्यूब पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली पानावर फिरत राहते आणि तासाभरात डोकं दुखतं. दिवे पंख्याच्या खाली किंवा बाजूला घ्या.

सगळ्यात जास्त चुका विजेत होतात. आज प्रत्येक जागेला सॉकेट लागतंच. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅट, फोन २० वॅट, म्हणजे ६० जागांना ५ किलोवॅटच्या आसपास. जुन्या हॉलचं वायरिंग पंखे-दिव्यांपुरतं असतं. मुलं एक्स्टेन्शन बोर्डाला बोर्ड जोडत जातात, सॉकेट काळं पडतं, मग एके दिवशी वायर वितळल्याचा वास येतो. सॉकेटसाठी वेगळी लाइन टाकून घ्या: १५ जागांचं एक असे चार सर्किट, प्रत्येकाला १० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसण्यापूर्वी पुरवठा तोडणारा स्विच). पंखे-दिवे त्यापासून स्वतंत्र ठेवा, म्हणजे एक चार्जर बिघडला तर हॉल अंधारात जाणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या. आणि बिलावर ग्राहकवर्ग कोणता छापला आहे ते वाचा: सार्वजनिक वाचनालयं आणि अभ्यासिका 'सार्वजनिक सेवा' या वर्गात येतात, पण मीटर व्यापारी वर्गात राहून गेलेलं असू शकतं.

पंखे बदला. ७५ वॅटचे १२ जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले तर दिवसाच्या १५ तासांत आठ युनिट वाचतात, महिन्याला २४०. युनिट दहा रुपये धरलं तर २,४०० रुपये. बारा पंख्यांचे ३६,००० रुपये सव्वा वर्षात वसूल होतात, शिवाय इन्व्हर्टरवर ते जास्त वेळ चालतात.

बाहेर पडायचे मार्ग दोन हवेत. एकच जिना असेल तर दुसरा लोखंडी जिना बसवेपर्यंत जागा कमी ठेवा. खिडक्यांच्या ग्रिलपैकी किमान दोन उघडता आल्या पाहिजेत. तळघरात कधीही अभ्यासिका करू नका. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरात शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. ती जागा साठवणीसाठी मंजूर होती. आपल्याही शहरांत अशी तळघरं आहेत.

पैशाचा हिशेब आधीच मांडा, म्हणजे कार्यकारिणीत कुणी नफ्याची स्वप्नं बघणार नाही. सकाळी ७ ते रात्री १० ठेवायचं तर दोन पाळ्यांचे दोन सेवक, समजा २८,००० रुपये. वीज ७,२००, सफाई आणि पाणी ५,०००, इंटरनेट १,५००, दुरुस्तीची तरतूद ४,३००. एकूण ४६,०००. चाळीस जागा पूर्ण दिवसाच्या ९०० रुपयांनी आणि वीस जागा सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत ५०० रुपयांनी दिल्या तर पूर्ण भरल्यावर ५६,००० येतात. परीक्षा झाली की महिनाभर जागा ओस पडतात, म्हणून ८५ टक्केच धरा: ४७,६००. म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. तुमच्या शहरातले आकडे यात घालून बघा. सहा जागा परिस्थितीनं अडलेल्या मुलांसाठी राखायच्या असतील तर त्यांचे पैसे देणगीतून, 'एक खुर्ची वर्षभर' अशा रूपात उभे करा. अशा देणगीला लोक पटकन तयार होतात.

कंत्राटदाराला चालवायला मात्र देऊ नका. तो दोन वर्षांत ६० च्या ९० खुर्च्या करतो, ग्रंथपालाला वर येऊ देत नाही, आणि मालमत्ता कर, धर्मादाय कार्यालय, अनुदान या तिन्ही ठिकाणी उत्तरं मात्र विश्वस्तांना द्यावी लागतात. पुस्तकं वाचायला देण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सेवेला वस्तू आणि सेवा करातून सूट आहे. अभ्यासिकेच्या शुल्काचं काय करायचं ते तुमच्या सीएकडून लेखी घेऊन ठेवा.

जागा अडवणं हे रोजचं भांडण. सकाळी सातला बॅग ठेवून जायचं, अकराला यायचं. नंबर घातलेलं टोकन ठेवा. येताना टोकन घ्या, जाताना परत द्या. बाहेर जायचं तर टोकन टेबलावर, सोबत गेल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी. ४५ मिनिटांनंतर बॅग कप्प्यात जाईल आणि जागा पुढच्याला मिळेल. नियम दाराशी लावा आणि सेवकाला तो सगळ्यांना सारखा लावू द्या. विश्वस्तांच्या भाच्याला सूट मिळाली की नियम संपला. मुलींसाठी वेगळी खोली करण्यापेक्षा रात्री दहाला दिवा असलेलं दार, स्वच्छ आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, आणि जिन्यात कॅमेरा या गोष्टींनी फरक पडतो. खोली वेगळी केली की ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात कोंदट निघते.

अभ्यासिका आणि पुस्तकं यांची गाठ कशी घालायची? इथे एमपीएससीनं स्वतःच वाट करून दिली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता पर्याय रंगवून भागत नाही, मुद्दा मांडून लिहावा लागतो. त्यासाठी खाली कपाटात असलेलंच लागतं: विश्वकोश, जिल्हा गॅझेटिअर, शब्दकोश, राज्यघटनेवरचे ग्रंथ, चांगले निबंध, 'लोकराज्य' आणि 'योजना'च्या जुन्या फायली. या दोनशे पुस्तकांची फळी वर हॉलमध्ये भिंतीला लावा, फक्त तिथे बसून वाचायला. बालभारतीची पाचवी ते बारावीची इतिहास-भूगोल-विज्ञानाची पुस्तकं तीन-तीन प्रती. मार्गदर्शिका मात्र मोजक्याच घ्या आणि जुनी आवृत्ती काढत चला. तीन वर्षांपूर्वीची चालू घडामोडी कुणी उघडत नाही आणि जागा अडवते. मासिक शुल्कातच ग्रंथालयाची साधी वर्गणी धरा, प्रत्येकाला कार्ड द्या, एक पुस्तक घरी न्यायला सांगा. शंभरातली वीस मुलं नेतील. पण कार्ड असलेली सगळीच तुमच्या वर्गणीदारांत मोजली जातात, आणि अनुदानाच्या वर्गवारीत सभासदसंख्या बघितली जातेच.

त्यासाठी पुस्तक सापडलं पाहिजे, म्हणजे संगणकीकरण. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, मोफत मिळतं; ई-ग्रंथालय हे एनआयसीचं (केंद्र सरकारची संगणक-सेवा संस्था), मुख्यतः शासकीय ग्रंथालयांसाठी. सर्व्हर सांभाळणारं कुणी जवळ नसेल तर ई-ग्रंथालय तुम्हाला मिळेल का ते विचारा आणि मिळत असेल तर तेच घ्या. ४२,००० पुस्तकांची नोंद दाखल-नोंदवहीच्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं लिहिण्याची वही) पहिल्या पानापासून सुरू करू नका. एक प्रशिक्षित माणूस दिवसाला ७० पुस्तकं नीट नोंदवतो, म्हणजे कामाचे ६०० दिवस. १९५२ च्या नोंदींतच सगळा दम संपतो आणि प्रकल्प पडून राहतो. त्याऐवजी जे पुस्तक परत येतं ते काउंटरवरच नोंदवा, बारकोड चिकटवा, मगच फळीवर लावा. सहा-आठ महिन्यांत फिरती सहा-सात हजार पुस्तकं यंत्रात येतात, आणि वाचकाच्या मागण्यांपैकी बहुतेक त्यांतच असतात.

मराठी नोंदींत एक अडचण हमखास येते, ती जवळून बघा. एकानं 'कादंबऱ्या' टंकलं, दुसऱ्यानं 'कादंबर्‍या'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि दुसऱ्यात साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह. शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि पुस्तक 'नाही' म्हणून सांगितलं जातं. तेच कुलकर्णी-कुळकर्णीचं, तेच आद्याक्षरांमधल्या मोकळ्या जागेचं. म्हणून सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवा, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची सरकारमान्य कळरचना) असेल तर उत्तम. लेखकांची नावं आडनाव आधी अशी एकदाच ठरवून यादीतून निवडायची, दर वेळी टंकायची नाहीत. कुणी आधी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये याद्या केल्या असतील तर त्या युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) रूपांतरित केल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये ओतू नका. ओतल्या तर नंतर निस्तरायला नोंद करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

नोंद चालू असतानाच निर्लेखन करा, म्हणजे न वापरली जाणारी पुस्तकं रीतसर नोंदीतून काढा. पाच वर्षांत एकदाही न गेलेल्यांची यादी, ग्रंथपालाचा अभिप्राय, कार्यकारिणीचा ठराव, मग दाखल-नोंदवहीत लाल शेरा, या क्रमानं. १९५० पूर्वीची पुस्तकं, नियतकालिकांचे बांधीव खंड, स्थानिक इतिहास आणि दिवाळी अंकांचे जुने संच या यादीत कधीही येऊ देऊ नका. रद्दीत गेलेला खंड पुन्हा मिळत नाही.

वर्गणीदार ६०० वर का आले याचं उत्तर नकाशात मिळेल. पत्त्यांचं पुस्तक काढा आणि सोडून गेलेले ८०० कुठे राहायला गेले ते बघा. पुण्यात पेठांतून सिंहगड रस्ता-वाकडला, ठाण्यात घोडबंदरला, तसंच तुमच्याकडेही निघेल. पंचाहत्तरीतला वाचक दोन बस बदलून आणि गाडी लावायला जागा शोधत येणार नाही. शाखा परवडत नाही, पेटी परवडते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरवूनच वाढला, परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचला. शंभर पुस्तकं २५ ते ३० किलो होतात, म्हणून पन्नासाच्या दोन पेट्या करा, एका माणसाला उचलता येतील. सोसायटीत एक जण जबाबदार, वही त्याच्याकडे, तीन महिन्यांनी पेटी पुढच्या सोसायटीत. पाच-सात पुस्तकं वर्षाला हरवतील. तेवढी हरवू द्या.

बालविभाग तळमजल्यावर दाराजवळ ठेवा, अभ्यासिकेच्या जिन्यापासून लांब. फळ्या चार फुटांच्या आत, बसायला सतरंजी, वेळ दुपारी ४ ते ७. इंग्रजी शाळेतली मुलं मराठी बोलतात पण वाचताना अडतात. त्यांना वयापेक्षा सोप्या मजकुराची, मोठ्या टंकातली चित्रपुस्तकं लागतात, आणि शनिवारी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणारं. सकाळचं वृत्तपत्र वाचन विनामूल्यच राहू द्या. त्याच टेबलाशी आठवड्यातून दोन दिवस एक संगणक आणि एक स्वयंसेवक बसवा: डिजिलॉकर, आपले सरकार, परीक्षेचे अर्ज. नियम एकच, स्वयंसेवक अर्ज भरून देत नाही, भरायला शिकवतो, आणि कुणाचाही ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः टंकत नाही.

पैसे कुठून? आपल्या १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर नाही, त्यामुळे शहर कितीही वाढलं तरी त्याच्या घरपट्टीतला वाटा ग्रंथालयाला आपोआप येत नाही. हा माझ्या मते त्या कायद्यातला सगळ्यात मोठा उणेपणा आहे. २०२२ मध्ये शासनानं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, पण त्याचा मोठा हिस्सा पगारात जातो आणि तो जायलाच हवा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून बालविभाग, फर्निचर, इमारत यांना मदत मिळते, शतकपूर्तीसाठी वेगळी. तुमची शताब्दी दहा वर्षांवर आली आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी आत्तापासून बोला, कारण इमारतीची कागदपत्रं आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जमवण्यातच वर्ष जातं.

हॉलचं काम सुरू करण्यापूर्वी एक महिना काउंटरवर एक वही ठेवा. चार रकाने: तारीख आणि वेळ, कोण (मूल, विद्यार्थी, गृहिणी, ज्येष्ठ), काय मागितलं, का देता आलं नाही. 'रात्री नऊनंतर बसायला जागा', 'हिंदी कादंबरी', 'आईला चढता येत नाही', 'सातबारा ऑनलाइन कसा काढायचा', जे असेल ते त्याच शब्दांत लिहायला सांगा. महिन्यानंतरच्या कार्यकारिणीत दोन्ही गटांसमोर ती वही मोठ्यानं वाचा आणि ४० कप्पे व २० उघड्या जागा हा माझा आकडा त्यावरून बदला.